कॅप्सायसिन क्रीम (०.०७५ टक्के), नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी: माझे चार स्टार

कॅप्सायसिन म्हणजे मिरचीला तिखट करणारा पदार्थ, त्याचं हे क्रीम लावल्यावर आग होते, आणि ती होणारच, सगळ्यात आधी हे सांगते कारण ऑनलाइन या क्रीमखालचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले तर जवळपास प्रत्येकाचं रडगाणं तेच, लावलं, अजूनच जळजळलं, ट्यूब टाकून दिली. वाईट वाटतं वाचून. कारण हे औषध काम करतं ते त्या आगीच्याच वाटेने, आणि हे ना ट्यूबवर धड लिहिलेलं ना आतल्या कागदावर.

आमच्या सासूबाईंना पावसाळ्यात बरगडीखाली नागीण उठली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं काही हललं नाही. ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी कळवळायच्या, पंख्याचा वारा सुद्धा नको म्हणायच्या, फोंड्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं लपून असतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्याच नसेवरून बाहेर येतो, जाताना नस खराब करून जातो. फोड गेल्यावर तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. डॉक्टरांनी प्रेगाबालिन दिलं होतं, ते नसेतल्या कॅल्शियम चॅनलच्या, म्हणजे कॅल्शियम आत घेणाऱ्या दाराच्या, एका भागाला चिकटून दुखण्याचे सिग्नल कमी करतं, फरकही पडला, पण त्यांना गरगरायला लागलं, रात्री बाथरूमला भिंत धरून जायच्या. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं तर मग संपलंच ना सगळं. म्हणून डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि जोडीला हे क्रीम दिलं.

मी हायर सेकंडरीला बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे हे कसं चालतं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. कातडीतल्या दुखणं कळवणाऱ्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रोटीन असतं, हे एक आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं छोटं दार. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतं आणि नस मेंदूला कळवते की भाजतंय. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं तेच दार उघडतं, म्हणून मिरची तोंडात प्रत्यक्ष काही न भाजता भाजल्यासारखी लागते. हे चॅनल १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबने शोधलं. त्यांनी नसांच्या पेशींतले हजारो जीन्स एकेक गटाने अशा पेशींत घातले ज्यांना मिरची कळतच नाही, आणि कुठल्या जीनमुळे कळायला लागते ते बघत बघत एका जीनपर्यंत पोचले. केवढी चिकाटी! २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डम पॅटापूटियन यांना मिळालं, पॅटापूटियन यांनी स्पर्श आणि दाब ओळखणारी पिएझो चॅनल्स शोधली होती.

आता क्रीमचा मुद्दा. कॅप्सायसिन पुन्हा पुन्हा लावलं की चॅनल थकतं, कॅल्शियम एवढं आत जातं की नसेचं ते टोकच काही काळ काम करेनासं होतं, कातडीतून मागे सरकतं. म्हणजे आधी आग, मग शांतता. पण त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा, रोज, काही आठवडे लावावं लागतं. दोन दिवस लावून सोडलं तर तुमच्या वाट्याला फक्त आग आली, फायदा आलाच नाही, आणि मग एक स्टार. मधेच खंड पडला तरी आग पुन्हा नव्याने सुरू होते, गावी जाताना ट्यूब घरी विसरू नका.

सासूबाईंना मी पोपटाचं सांगितलं होतं. पोपट काणकोणची खोला मिरची सुद्धा आरामात फोडून खाईल, कारण पक्ष्यांमध्ये हे चॅनल आहे पण त्याची घडण थोडी वेगळी, कॅप्सायसिन त्याला लागू पडत नाही, मिरचीच्या बिया लांब पसरवायला पक्षीच लागतात. त्या म्हणाल्या, "मग मला पण पोपटासारखं करणार काय गो हे औषध?" तर साधारण तेच, फक्त तेवढ्या जागेपुरतं.

लावण्याबद्दल, गोव्याच्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. घाम आणि उष्णता दोन्हीने आग वाढते, चॅनल उष्णतेनेच उघडतं हे वर सांगितलंच, तेव्हा आंघोळीच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर लावू नका, गरम पाण्याची पिशवी त्या जागेवर अजिबात नको, वरून घट्ट पट्टी बांधू नका. फोड ओले असताना, कातडी फुटलेली असताना तर मुळीच नाही, पूर्ण सुकल्यावरच. लावणाऱ्याने हातमोजा घालावा. बोटांना लागलंच तर नुसत्या पाण्याने जात नाही कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, आधी खोबरेल तेल चोळून पुसायचं, मग साबण. आपल्याकडे मिरच्या वाटल्यावर बायका हाताला तेल लावतात ते बरोबरच आहे. डोळ्याला हात लागला तर हाल होतात, आणि वाळलेल्या क्रीमची पूड उडून खोकलाही येतो, चादर झटकताना जपून.

आमच्याकडे पहिला आठवडा कठीण गेला, खोटं कशाला बोलू. नंतर हळूहळू आग कमी होत गेली, आणि एक दिवस त्यांनी स्वतः पंखा लावायला सांगितला. दुखणं शंभर टक्के गेलेलं नाही, अधूनमधून कळ येते, पण झोप लागते आणि गोळी कमीवर राहिली. अर्थात हे एका माणसाचं झालं. कमी टक्क्यांच्या क्रीमवरचे अभ्यास फार भक्कम नाहीत, आणि त्यात एक मोठी अडचण अशी की खरं क्रीम कोणाला मिळालं ते आगीवरूनच कळतं, मग खोट्या क्रीमशी प्रामाणिक तुलना करणार कशी. जास्त खात्रीचा आहे तो ८ टक्क्यांचा पॅच, अमेरिकेत २००९ पासून मान्य, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तासभर लावतात आणि गुण आला तर तीनेक महिने टिकतो.

पुदिन्याच्या अर्काचं थंड जेल पण आम्ही वापरलं होतं, मेंथॉल टीआरपीएम-८ हे थंडीचं चॅनल उघडतं, बरं वाटतं, पण थोड्या वेळापुरतंच. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पॅच वेगळ्या प्रकारचा, तो सोडियम चॅनल बंद करतो, आग होत नाही, ज्यांना हे क्रीम सहनच होत नाही त्यांनी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं.

कोणी विचारेल की हे चॅनल सरळ बंदच करणारी गोळी का नाही काढत. काढली होती, बऱ्याच कंपन्यांनी प्रयत्न केला, पण लोकांना ताप चढायला लागला आणि गरम वस्तू गरम लागेनात, कारण हेच चॅनल शरीराचं तापमान सांभाळण्यातही आहे. दुखणं पूर्ण बंद होणं चांगलं नसतंच. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचं संशोधन आलं, त्यांच्यात एनएव्ही १.७ हे सोडियम चॅनल जन्मापासून बिघडलेलं, दुखणं म्हणजे काय तेच माहीत नाही. त्यातला एक मुलगा रस्त्यावर हातातून सुऱ्या आरपार घालून, निखाऱ्यांवर चालून पैसे मिळवायचा, छपरावरून उडी मारली आणि चौदा वर्षांचा व्हायच्या आधीच गेला. हे वाचल्यावर मी सुन्न झाले होते. एनएव्ही १.७ च्याच जवळच्या नात्यातल्या एनएव्ही १.८ या चॅनलवर चालणारी सुझेट्रिजिन ही गोळी मात्र जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, अफूच्या जातीची नाही, सध्या ऑपरेशननंतरच्या वगैरे ताज्या दुखण्यासाठी. नसांच्या जुनाट दुखण्यावरही असं काही यावं, मनापासून वाट बघतेय.

अजून एक, ज्यांच्या घरी अल्झायमरचं माणूस आहे त्यांच्यासाठी. अशा माणसाला हे क्रीम लावणार असाल तर फार विचार करून, डॉक्टरांना विचारूनच. त्यांना आग होतेय हे सांगता येत नाही, का होतेय ते लक्षात राहत नाही, आणि हात डोळ्यांकडे जातोच. चेहरा आक्रसणं, कण्हणं, श्वास जोरात होणं, जवळ घेतलं तरी शांत न होणं, दुखणं यावरूनच ओळखावं लागतं. अशांना मेमँटीन हे अल्झायमरचं औषध चालू असतं बऱ्याचदा, ते सुद्धा एका चॅनलवरच काम करतं, ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या रसायनाने उघडणाऱ्या एनएमडीए चॅनलमधून कॅल्शियमचा मारा होतो तो कमी करतं. आजार थांबवत नाही, थोडा आधार देतं.

एक स्टार कापला तो आतल्या कागदासाठी, इतक्या बारीक अक्षरात आणि फक्त इंग्लिशमध्ये, ज्यांना नागीण होते त्या वयाच्या लोकांनी तो वाचायचा कसा? मराठी-कोंकणीत चार ओळी छापल्या असत्या, पहिला आठवडा आग होईल, सोडू नका, तर किती ट्यूब वाया गेल्या नसत्या. पन्नाशीच्या पुढच्यांनी नागिणीच्या लशीबद्दलही डॉक्टरांशी बोला, दोन डोसची लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते, हे दुखणं बघितल्यावर मी तरी घेणार आहे.

आम्ही मार्केटजवळच्या फार्मसीतून घेतलं, तिथल्या फार्मासिस्ट बाईंना पाच स्टार वेगळे. ट्यूब हातात द्यायच्या आधी त्यांनीच बजावलं, "सुरुवातीला आग होतली हां, आईंना आधी सांगून ठेवा, आणि हातमोजे न्या." ट्यूब छोटी असते, तीन-चार वेळा लावलं की लवकर संपते, दुसरी आधीच सांगून ठेवली तर त्या मागवून देतात. दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असतं, चारनंतर जा.