तिसऱ्या खेपेला तिसरीच निघाली: सिंकखालच्या कचरा दळायच्या यंत्राचे नऊ महिने

गणेश चवथीला मुलगा घरी आला आणि 'आई, ओल्या कचऱ्याची बादली आता बंद' म्हणत त्याने आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली हे यंत्र बसवून दिलं. मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. आता जून लागला, नऊ महिने झाले. बादली काही बंद झाली नाही. यंत्र मात्र तीनदा बंद पडलं, आणि तिन्ही वेळा ते बिघडलेलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले.

पहिली खेप ऑक्टोबरात, परतीच्या पावसात. स्विच टाकला की अख्ख्या घराची वीज जायची. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर यंत्र ठणठणीत. सिंकच्या पाइपाचं पाणी ठिबकून खालचा प्लग ओला झालेला, त्यामुळे ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत होता. प्लग वीतभर वर, बाजूच्या भिंतीवर घेतला. विषय संपला. नवीन बसवणार असाल तर प्लग कुठे येतोय ते आधी बघा.

दुसरी खेप नाताळच्या आसपास. दोन नारळांचा रस काढला होता, उरलेला चोथा मी एकदमच आत ढकलला. यंत्र गुरगुरलं, आवाज जड झाला आणि गप्प. मग स्विच कितीदा टाकला तरी चूं नाही. दुकानात फोन केला तर न बघताच उत्तर आलं, 'मोटर गेली असणार. माणूस पाठवतो, नुसते यायचे साडेसातशे.' मी फोन ठेवला आणि पुस्तिका काढली. यंत्राच्या बुडाला एक लाल बटण असतं. मोटरवर ताण येऊन ती तापली की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. पंधरा मिनिटं थांबले, चोथा उपसला, खाली वाकून बटण आत दाबलं. सुरू! साडेसातशेचं बटण म्हणते मी त्याला.

तिसरी खेप मे महिन्यातली. सासूबाई सिंकवर तिसऱ्या (खायचे शिंपले) साफ करत होत्या आणि त्यातली एक शिंपी रबराच्या झडपेतून आत घसरली. मला पत्ता नाही. संध्याकाळी स्विच टाकला तर नुसतं 'घूंऽऽ', फिरणं नाहीच. एवढ्या महिन्यांत कळलेली खूण सांगते: आवाजच नसेल तर लाल बटण नाहीतर वीज बघायची, घूं होत असेल तर वीज पोचतेय, आतली तबकडी अडकलीय. अशा वेळी स्विच चालू ठेवून वाट बघू नका, अडकलेली मोटर पटकन तापते.

आधी प्लग काढला. सासूबाई हात घालायला निघाल्या होत्या, त्यांना मागे ओढलं. प्लग काढलेला असला तरी आत हात नाही म्हणजे नाही. टॉर्च मारली. लोकांना वाटतं तसं आत मिक्सरसारखं पातं नसतं. फिरती तबकडी असते, तिच्यावर दोन सैल लोखंडी गुटके. ते खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर भिरकावतात आणि तिथे ते किसलं जातं. त्या गुटक्याच्या आणि कड्याच्या फटीत शिंपी पाचरीसारखी बसली होती.

बुडाच्या मधोमध षटकोनी भोक असतं, त्यात यंत्राबरोबर आलेली पाव इंची ॲलन की घातली. उजवीकडे ढिम्म. डावीकडेही. मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं हलवत राहिले. पाचेक मिनिटांनी 'कट्' झालं आणि तबकडी गरकन फिरली. चपाती भाजायच्या लांब चिमट्याने शिंपी वर काढली. सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, 'एवढीशी!' (ॲलन की मोकळी फिरत असूनही घूंच येत असेल, तर मात्र माणूस बोलवा, मग दोष मोटरीत.)

हे यंत्र १९२७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने बनवलं. त्याच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या, आंब्याची बाठ, फणसाची चारखंडं आणि पातोळ्यांची हळदीची पानं असतील असं वाटत नाही. पानांच्या शिरा तर दळल्या जात नाहीत, गुंडाळल्या जातात. आमच्या घरात या यंत्राला चालतं ते म्हणजे ताटातलं उरलेलं, भाजीची कोवळी सालं, पपई. भात थोडा थोडा, भरपूर पाण्यासोबत. पाणी गारच, गरम पाण्याने वितळलेलं तूप-तेल पुढे पाइपात जाऊन थिजतं.

आणखी एक, जे दुकानात कोणी बोललं नाही. आमच्या इमारतीला सेप्टिक टँक आहे. दळलेलं सगळं तिथेच जाऊन साचतं, टाकी लवकर भरते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मला उत्तर नव्हतं. तेव्हापासून नारळाचा चोथा आणि मासळीचे काटे पुन्हा बादलीत, नगरपालिकेच्या गाडीला.

पाचपैकी तीन तारे. एक तारा त्या लाल बटणाचा आहे. ॲलन की मी सिंकच्या दारामागे खिळ्याला टांगलीय, आणि सासूबाई तिसऱ्या आता अंगणातल्या नळावर, बादलीत साफ करतात.