जुना डेक, २४ बिट इंटरफेस आणि ऑडॅसिटी : कॅसेट उतरवण्याचे आठ महिने

संच असा आहे : एका कप्प्याचा, दोन हेडचा जुना जपानी डेक, दोन लाइन इनपुटचा २४ बिट ऑडिओ इंटरफेस, आठ वर्षं जुना लॅपटॉप, ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आणि नोंदींसाठी लिब्रेऑफिसची शीट. डिसेंबर ते जुलै या काळात नाशिकमध्ये यावर १८० कॅसेट संगणकात उतरल्या. बहुतेक बुधवारच्या बाजारात गोणपाटावर मांडलेल्या आणि घराघरांतल्या माळ्यावरच्या : लोकगीतं, भीमगीतं, सप्तशृंगीची गाणी, कोळीगीतं, आरत्या. हिंदी चित्रपटगीतं मुद्दाम शेवटी ठेवली आहेत, ती कुठेही सापडतात. ६० मिनिटांच्या कॅसेटला सफाई, स्कॅन आणि नोंद धरून दोन तास लागतात. घाई करून दीड तासात उरकलेल्या कॅसेट पुन्हा कराव्या लागतात.

आधी यूएसबीवाला, वॉकमनसारखा स्वस्त प्लेअर वापरून पाहिला. पैसे वाया. पेटीचा एखादा लांब सूर त्यावर लावून ऐका, सूर थरथरतो. ती थरथर फाइलमध्ये एकदा बसली की कुठल्याही फिल्टरने धड निघत नाही.

जुना डेक मात्र घेतल्या घेतल्या वापरता येत नाही. रबरी पट्टे ताणलेले असतात किंवा त्यांचा डांबरासारखा चिकट राप झालेला असतो. तो राप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुलीवरून पूर्ण काढावा, मग नवा पट्टा. माप घेताना दोरा पुल्यांभोवती फिरवावा आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के आखूड पट्टा घ्यावा. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बुशवर ताण येतो. दाबरोलर (फीत दाबून धरणारं रबरी चाक) अल्कोहोलने वारंवार पुसू नये, रबर कडक होतं. ओलसर कापड आणि किंचित साबण पुरतो. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी फिरती दांडी) दर पाच कॅसेटनंतर पुसावेत, जुन्या फितीची तपकिरी पूड तेवढ्यातही जमते.

वेग ३००० हर्ट्झच्या टेस्ट टेपवर लावावा. ३०३० दिसलं तर वेग १ टक्का जास्त, म्हणजे सूर सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा. ६ टक्क्यांवर गाणं जवळपास अर्धा सूर वर जातं. मोटरच्या मागच्या भोकातला बारीक स्क्रू किंचित फिरवून हे सुधारतं. ओळखीच्या गाण्याच्या सीडीशी तुलना करून वेग लावायचा मोह टाळा, कारण कॅसेटची प्रतच चुकीच्या वेगाने काढलेली असू शकते. नाशिकची थंडी इथे नडते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आतलं ग्रीस घट्ट असतं आणि डेक हळू चालतो. टाकाऊ कॅसेट लावून २० मिनिटं चालू ठेवल्याशिवाय मोजमाप घेऊ नये.

आता ॲझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. सगळ्या संचात आवाजावर सर्वात मोठा परिणाम याचा होतो, आणि तो फुकट आहे. हेडची फट फितीला बरोबर ९० अंशांत असावी लागते. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या लहरीची फितीवरची लांबी ४.७६ मायक्रोमीटर. हेड केसभर कलला तरी वरचे स्वर पुसट होतात आणि चाळ-टाळ ‘पडशाच्या नाकाने’ वाजल्यासारखे येतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून दोन्ही चॅनल मोनो करून ऐकायचं आणि स्क्रू पाव फेऱ्यापेक्षाही कमी, अगदी सावकाश फिरवायचा. एका जागी टाळांची किणकिण एकदम उघडते आणि पुढे गेलं की पुन्हा दबते. तीच जागा. खात्री हवी असेल तर ऑडॅसिटीत ढोलकीचा एक ठोका मोठा करून बघा, दोन्ही चॅनलची शिखरं एकाच उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. आधीची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा, म्हणजे काम झाल्यावर परत येता येतं.

हे प्रत्येक कॅसेटला करावं लागतं, आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना वेगळं. कवच स्वस्तातलं असलं की ‘अ’ बाजूला फीत जशी सरकते तशी ‘ब’ बाजूला सरकत नाही. पहिल्या महिन्यात हे माहीत नसताना उतरवलेल्या २० कॅसेट पुन्हा कराव्या लागल्या.

बिघाडांपैकी सर्वाधिक दिसलेला म्हणजे नमद्याची गादी गळणं. पितळी पट्टीवरचा तो छोटा चौकोन गळाला की फीत हेडला टेकत नाही, आवाज लाटांसारखा येतो-जातो. उपाय सोपा : पाच स्क्रूंची कोरी कॅसेट घ्या, तिची फीत काढा, जुन्या फितीची दोन्ही चाकं आणि बाजूचे सरकपत्रे त्यात बसवा. जुनी कॅसेट स्क्रूऐवजी चिकटवलेली असेल तर शिवणीत पातळ पातं सावकाश चालवावं. वरचं लेबल फाटू द्यायचं नाही, त्यावर माहिती असते. तुटलेली फीत जोडायला सेलोटेप अजिबात नको, तिचा डिंक पाझरतो आणि शेजारचा वेढा धरतो. जोडपट्टी फितीच्या मागच्या, म्हणजे हेडला न टेकणाऱ्या बाजूला लावतात.

खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट लावून बघायची नाही, बीजं हेडवरून पुढच्या कॅसेटला लागतात. बंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवावी, मग मास्क लावून हाताने गुंडाळत मऊ कापडातून फीत फिरवावी. कॅसेट किंचाळत असेल तर आधी ती पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि नव्या कवचात घाला. ओव्हनमध्ये भाजायचा इंटरनेटवरचा सल्ला मोठ्या रिळांच्या ठरावीक फितींसाठी आहे, घरच्या कॅसेटवर तो आजमावू नये.

रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला सुमारे २ जीबी होतात, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) साधारण निम्मे. ४८ किलोहर्ट्झवर उतरवलं तरी कानाला फरक पडणार नाही, पण जतनासाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेची, आयएएसएची, किमान शिफारस ४८ची असली तरी संग्रहांत ९६ रूढ आहे आणि डिस्क आता महाग नाही. सर्वोच्च पातळी उणे ६ ते उणे १० डेसिबलवर ठेवा. डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद; कॅसेटवर खूण असेल तरच चालू. नॉइज रिडक्शन मूळ फाइलवर कधीही नको. एक बाजू ही एक फाइल राहते, गाणी कापून वेगळ्या प्रती करायच्या. लॅपटॉप चार्जरवर असताना ५० हर्ट्झची गुणगुण येत होती, बॅटरीवर चालवल्यावर ती गेली.

इथपर्यंतचं काम कुणीही शिकेल. कसोटी नोंदीची आहे. आठ महिन्यांत सर्वाधिक वेळा बदललेली गोष्ट म्हणजे ती शीट. सुरुवातीला सात रकाने होते, आता एकवीस आहेत.

इनले कार्ड (डबीतलं छापील कार्ड) उलगडून दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करावं, आतली कोरी वाटणारी बाजूसुद्धा. कॅटलॉग क्रमांक दोनदा लिहावा : कार्डावरचा एक, कॅसेटच्या लेबलवरचा एक. ते जुळत नाहीत असं अनेकदा होतं, कारण कव्हरं अदलाबदल होतात. वर्तुळातल्या ‘पी’पुढचं वर्ष ध्वनिमुद्रणाच्या प्रकाशनाचं असतं, हातातल्या प्रतीचं नसतं. प्रतीचा काळ कमाल किमतीच्या शिक्क्यावरून आणि कंपनीच्या पत्त्यातल्या पिनकोड-फोनच्या आकड्यांवरून काढावा लागतो.

‘मूळ की कव्हर’ (कव्हर म्हणजे दुसऱ्याने नव्याने गायलेलं गाणं) हा रकाना सुरुवातीपासून ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीपूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर नोटीस आणि मानधन देऊन तीच रचना नव्याने गाऊन काढता येत होती. १९८०च्या दशकात टी-सिरीजने यावर मोठी बाजारपेठ उभी केली. अशा कॅसेटवर चित्रपटाचं नाव ठळक आणि खरा गायक बारीक अक्षरांत असतो. नुसतं कव्हर बघून नोंद केली तर गायकच चुकतो.

भीमगीतांत गोची वेगळी. कार्डावर गायकाचं नाव आणि फोटो, गीतकाराच्या जागी काहीच नाही, किंवा थेट ‘पारंपरिक’. शाहिरी रिवाजाने शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा गुंफलेली असते, ती कान देऊन ऐकून वेगळ्या रकान्यात टाकावी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या रचना अनेकांनी गायल्या आहेत. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ऐकू आलं तर नोंद ‘मुद्रा : वामन’ एवढीच करायची, गीतकाराच्या रकान्यात नाव दुसऱ्या पुराव्यानंतरच.

नावं जशी छापली तशी एका रकान्यात आणि प्रमाण रूपात दुसऱ्यात लिहावीत. कार्डावर एकच आडनाव तीन तऱ्हांनी सापडतं. शिवाय ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो, डोळ्यांना सारखा दिसतो, पण शोधाला सापडत नाही. फाइलनावात अनुक्रमांक आणि बाजू एवढंच. म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रणांच्या ऑनलाइन सूच्यांवर मराठी कॅसेट अगदी विरळ आहेत. नोंद आणि कव्हरची माहिती तिथे जरूर भरावी, ध्वनिफाइल मात्र चढवू नये. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९८५ची कॅसेट २०४५ संपेपर्यंत संरक्षित.

उणिवा दोन. डेकचा काउंटर भरवशाचा नाही, दुरुस्तीनंतरही घसरतो. आणि एकवीस रकान्यांची शीट आता जड झाली आहे : एका गाण्याला दोन गायक आणि तीच फीत तीन प्रतींत, हे शीटमध्ये नीट मांडता येत नाही. कॅसेट, प्रत आणि गाणं अशा तीन तक्त्यांचा डेटाबेस हवा. ते काम पावसाळ्यात चालू आहे, कारण जून ते सप्टेंबर बुरशीच्या शंकेच्या कॅसेट उघडायच्याच नाहीत.