फियाटला पुढे डिस्क: चार स्टार, पाचवा बूस्टरने खाल्ला

आमची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, चारही चाकांना ड्रम ब्रेक: फिरत्या ड्रमला आतून शू दाबतात, शूवर लायनर म्हणजे घासणारं अस्तर. कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन चाकांना मारुतीच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि कॅलिपर (चकतीला दोन्हीकडून पॅडने दाबणारे चिमटे) बसवून घेतले.

काम सुबक. कॅलिपरचं ब्रॅकेट जाड पोलादाचं, लेथवर घेतलेलं. वेल्डिंगचा ठिपका नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप कुठे घासतो का, ते मिस्त्रींनी माझ्यासमोर पाहिलं. काढलेले ड्रम वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले, न मागता! हल्ली जुना माल परत कोण देतो?

फरक पावसात कळला. पूर्वी हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की ब्रेक हलका दाबत दाबत लायनर सुकवावे लागायचे, आणि एक बाजू आधी सुकली की गाडी तिकडे ओढायची. डिस्क उघडीच असते, पॅड पाणी पुसून टाकतात. खंडाळ्याचा घाट उतरतानाही तेच. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. आता खोपोलीपर्यंत पेडल जागेवर.

पण पाय मात्र कुरकुरला. ड्रममध्ये पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणजे थोडं काम चाकच करतं. डिस्कमध्ये ती मदत नाही, त्यामुळे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय पेडल दगडासारखं. गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, सवय होईल." सायनच्या सिग्नलला सवय होते होय?

दुसरं, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणारा पंप, जुनाच ठेवला होता. ड्रमसाठी त्यात लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा वॉल्व असतो. डिस्कला तो नको, पॅड घासत राहतात. पुढची रिम हाताला गरम लागली, चाक जॅकवर उचलून फिरवलं तर जड. परत नेल्यावर कटकट न करता पुढच्या-मागच्या वेगळ्या लाइनचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवून दिला, पण त्याचे पैसे वेगळे. हे आधीच सांगायला हवं होतं.

गाडी फक्त दादर-गिरगाव फिरणार असेल तर या भानगडीत पडू नका. नवे लायनर घाला, शू नीट ॲडजस्ट करून घ्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत याच रस्त्यांवर होत्या. घाटात वरचेवर जात असाल तर जरूर करा, मात्र बूस्टर आणि मास्टर सिलिंडरसकट एकच भाव ठरवूनच गाडी आत घाला.