सुरक्षा-संस्कृतीची प्रश्नावली: अल्फा पुरेसा की पुनर्चाचणीही हवी?

कारखान्यातील सुरक्षा-संस्कृती मोजणारी प्रश्नावली मराठीत आणल्यावर तिची विश्वसनीयता तपासण्याचे दोन मार्ग सुरक्षा अधिकाऱ्यापुढे असतात: एकदाच घेतलेल्या उत्तरांवरून क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतील विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढणे, किंवा त्याच कामगारांकडून दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा भरून घेणे, म्हणजेच पुनर्चाचणी.

अल्फा स्वस्तात मिळतो आणि तो ०.७० च्या वर गेला की अहवालापुरते काम भागते. मात्र विधाने वाढवली की तो आपोआप वाढतो, हे सहसा कोणी सांगत नाही. विधानांमधील सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२० असला, तरी प्रमाणित अल्फा १० विधानांना ०.७१ आणि ४० विधानांना ०.९१ येतो. त्यामुळे नॉर्डिक संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या, सात पैलू आणि ५० विधाने असलेल्या नोसॅक-५० सारख्या प्रश्नावलीचा एकच एकत्रित अल्फा देणे जवळजवळ निरर्थक आहे. तो प्रत्येक पैलूचा वेगळाच काढावा.

आजचे उत्तर पुढच्या महिन्यातही टिकेल का, हे अल्फा सांगत नाही. ते पुनर्चाचणी सांगते. तिच्यासाठी साधा पिअर्सन सहसंबंध घेऊ नये, कारण सर्वांचेच गुण सारखे वाढले तरी तो पूर्ण एक येतो. दोन्ही वेळच्या गुणांचा प्रत्यक्ष मेळ पाहणारा वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक घ्यावा. खरी अडचण मात्र गणिताबाहेरची आहे. दोन्ही अर्ज जुळवायला खूण लागते, आणि अर्जावर खूण दिसली की कंत्राटी कामगार मुकादमाविषयी मोकळेपणाने लिहीत नाही. म्हणून सांकेतिक खूण कामगारालाच ठरवू द्यावी. मधल्या काळात अपघात झाला, तर घसरलेला गुणांक प्रश्नावलीचा दोष मानता येत नाही.

विभागांची तुलना करायची असल्यास हे दोन्ही मार्ग अपुरे पडतात. निम्म्या कामगारांनी १ आणि निम्म्यांनी ४ दिला, तरी विभागाची सरासरी २.५ येते, पण तिला त्या विभागाची संस्कृती म्हणता येत नाही. तेथे विभागांतर्गत एकमत, म्हणजे एकाच विभागातील कामगारांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, हे तपासावेच लागते.

एकाच वेळचे सर्वेक्षण असेल, तर पैलूनिहाय अल्फा आणि एकमत एवढे पुरे. प्रशिक्षणापूर्वीचे व नंतरचे गुण ताडून पाहायचे असतील, तर कितीही त्रास झाला तरी पुनर्चाचणी टाळू नये, आणि ती प्रशिक्षण सुरू होण्याआधीच उरकावी.