९ तारखेची तपासणी : आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र

सातपुड्याच्या पायथ्याच्या या केंद्रात धाकट्या जावेला दर महिन्याच्या ९ तारखेला नेते. सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची तपासणी मोफत होते. तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं. ११ तरी हवं. सिस्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्या. चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, शौच काळं झालं तरी घाबरून सोडू नको, असं दोनदा बजावलं. केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला एवढं नीट कोण सांगतं? बाकं मात्र फारच कमी. आठव्या महिन्याच्या बाया उभ्या राहतात, हे बदललंच पाहिजे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, घरी सोडणारी गाडीसुद्धा फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गाडीसाठी १०२ लावा.