मिशन एक्स : दिवाळीपासून भर मे महिन्यापर्यंतचा अनुभव

'अंतराळवीर फिटनेस' क्लासवाल्यांनी परवा पैसे परत द्यायला साफ नकार दिला, म्हणून हे लिहायला बसले. नाव लिहीत नाही. 4,500 रुपयांच्या किटमध्ये काय, तर उड्यांची दोरी, चार प्लास्टिकचे कोन, एक पट्टी आणि चॉकलेटी पावडरचा डबा. डब्यावरच्या यादीत साखर दुसऱ्या नंबरवर. वर एप्रिलमध्ये बॅच सकाळी अकराला, पत्र्याच्या शेडखाली. नागपुरात! त्याच दिवशी पोट्ट्यांना काढून घेतलं.

चीड याची की यातल्या सगळ्या कृती नासाच्या 'मिशन एक्स' या मुलांना अंतराळवीरांसारखा व्यायाम-आहार शिकवणाऱ्या उपक्रमातल्या आहेत आणि त्यांचे कागद फुकट मिळतात. 2011 मध्ये नासाने इतर देशांच्या अंतराळ संस्थांसोबत हा उपक्रम सुरू केला. शुभांशु शुक्ला 2025 मध्ये आमरस आणि गाजर हलवा घेऊन अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून आमच्या घरात हेच वेड होतं. दिवाळीनंतर गच्चीवर सुरुवात केली. क्लास मार्चमध्ये लावला तो फक्त मुलांना सोबत मिळावी म्हणून.

अस्वलचाल आणि खेकडाचाल (दोन्ही हातापायांवर चालायचं, एकीत पोट खाली, दुसरीत वर) मला सुरुवातीला नुसता पोरखेळ वाटायचा. पण यानाबाहेर अंतराळवीर हातांच्या जोरावरच सरकतात, पाय फारसे कामाला येत नाहीत, हे वाचलं आणि धाकट्याची मनगटं संक्रांतीपर्यंत कशी भरली ते पाहिलं. आता तोच प्रकार मी कधी चुकू देत नाही. दोरीच्या उड्यांचंही तसंच. वजनाचा भार नसला की हाडं झिजतात. अंतराळात कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्के कमी होऊ शकते, म्हणून तिथे रोज सुमारे 2 तास व्यायाम असतो. हे सांगितल्यापासून मोठी लेक आपणहून दोरी घेते.

पण सगळ्यात जास्त कामाची निघाली ती पाण्याची कृती. लघवीच्या रंगावरून शरीरात पाणी किती आहे ते ओळखायचं. आम्ही काचेच्या ग्लासांत खायचा पिवळा रंग थेंबाथेंबाने वाढवत नेला (हळद घेऊ नका, तळाशी बसते). फिक्या लिंबू सरबतापासून गडद मोहरीच्या तेलापर्यंत ओळ लावली, फोटो काढला आणि बाथरूमच्या दाराला आतून चिकटवला. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं ते राखून ठेवतात आणि रंग गडद होतो. पारा 45 ला टेकलेला असताना धाकटा खेळून आला, बाथरूममधून निघाला आणि थेट माठाकडे गेला. एरवी "पाणी पी रे" म्हणून माझा घसा कोरडा व्हायचा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंग तसाही पिवळाजर्द दिसतो, तेवढं लक्षात ठेवा.

खाण्याचा भाग थोडा कमी पडतो. कागद इंग्रजीत, पदार्थ परदेशातले. आम्ही ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तीळ, वरण आणि दुपारी मीठ घातलेलं ताक अशी आपली यादी केली. पावडरचा डबा उघडायची गरजच पडली नाही.

कागद उतरवून घ्या, काळेपांढरे छापले तरी चालतात. रंगांचा फोटो तेवढा रंगीत काढा. क्लास लावायचाच असेल तर उन्हाळ्यात बॅच किती वाजता ते आधी लेखी घ्या, आणि पावडर वगळून फी किती होते तेही विचारा.