वॉटरकलर: चोवीसचा स्टुडंट सेट घ्यायचा की सहा आर्टिस्ट ट्यूब?

स्टुडंट म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे स्वस्त रंग, आर्टिस्ट म्हणजे चित्रकारांसाठीचे महाग. माझं मत आधीच सांगून टाकते, सहा ट्यूब घ्या. आता का ते सांगते, आणि कधी घेऊ नका तेही.

दोन्हींत रंग बांधून ठेवणारा डिंक, म्हणजे अरेबिक गमच असतो, खरा फरक पिगमेंटचा, म्हणजे रंग देणाऱ्या पुडीचा. स्टुडंट रंगात पिगमेंट कमी, फिलर (नुसती भर घालणारी पूड) जास्त, त्यामुळे ओला असताना मस्त दिसतो आणि वाळला की खडू फासल्यासारखा होतो. वाळल्यावर फिके तर सगळेच वॉटरकलर पडतात, पण हा जरा जास्तच. मी दोन्ही ग्रेडचा अल्ट्रामरीन एकाच कागदावर शेजारी शेजारी लावून बघितला. आर्टिस्टवाला एवढासा घेतला तर छोट्या स्केचबुकचं पानभर आकाश झालं आणि कागदाच्या खळग्यांत दाणे बसले ते वेगळंच, स्टुडंटवाल्यात तीनदा ब्रश बुडवला तरी आकाश आजारीच दिसत होतं. म्हणजे महाग ट्यूब जास्त दिवस पुरते, हा हिशोब लोक करत नाहीत.

ब्रँड बघायच्या आधी ट्यूब उलटी करून पिगमेंटचा नंबर वाचा. पीबी२९ म्हणजे अल्ट्रामरीन, कुठल्याही कंपनीचा असो. नावावर मात्र जाऊ नका, बर्न्ट सिएना कुणी पीबीआर७ने बनवतं, कुणी पीआर१०१ने, नाव तेच पण कागदावर वागतात वेगळे. 'कॅडमियम रेड ह्यू' लिहिलं असेल तर त्यात कॅडमियम नाही, दुसऱ्या पिगमेंटने तो रंग जुळवलाय. ही फसवणूक नाही, काही ह्यू चांगले असतात. पण तीन पिगमेंटचा एक आणि तीन पिगमेंटचा दुसरा असे दोन रंग मिसळले की चिखल होतो, आणि मग आपण म्हणतो मला मिक्सिंग जमत नाही. सिंगल पिगमेंट घेतलं की निम्मा प्रॉब्लेम जातो. (सॅप ग्रीन बहुतेक वेळा आर्टिस्ट ग्रेडमध्येसुद्धा मिश्रणच असतं, त्याला सोडून द्या.)

दुसरी गोष्ट लाइटफास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, ही मी हात पोळून शिकले. जुना अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पीआर८३, वापरून फुलं काढली, फ्रेम केली, खिडकीसमोर टांगली आणि काही महिन्यांत गुलाबी निघून गेलं, पानं तेवढी राहिली. आता त्याजागी क्विनाक्रिडोन रोझ, पीव्ही१९. झगझगीत ऑपेरा पिंकही असाच उडतो. शंका असेल तर रंगाची पट्टी काढा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत चिकटवून विसरून जा. चित्र बंद वहीतच राहणार असेल तर एवढं डोकं लावायची गरज नाही.

ट्यूब की पॅन, म्हणजे छोट्या डबीतला वाळलेला रंगाचा खडा? बाहेर बसून स्केच करणार तर पॅन, मोठे वॉश (पाणीदार रंगाचे सपाट थर) टाकणार तर ट्यूब, कारण पॅन घासून घासून वाटीभर रंग करेपर्यंत जीव जातो आणि ब्रशचं टोकही. मी ट्यूबच घेते आणि रिकाम्या हाफ पॅनमध्ये (अर्ध्या आकाराच्या डबीत) भरते, पण एकदम नाही, थोडा भरायचा, वाळू द्यायचा, परत भरायचा. नाहीतर मधोमध भेग पडून अख्खा खडा बाहेर येतो. हाफ पॅनमध्ये साधारण २ मिली मावतो, म्हणजे ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन आरामात. झाकण अडकलं तर पिळू नका, थोडा वेळ गरम पाण्यात धरा.

ब्रँडचं थोडक्यात. सेनेलिए आणि एम. ग्रॅहम यांत मध असतो, पाणी लागलं की लगेच विरघळतात पण दमट हवेत चिकट राहतात, डबी उभी धरून प्रवास केलात तर ओघळतील. श्मिंकेचा हॉराडाम पॅनमध्ये छान परत ओला होतो. डॅनियल स्मिथकडे दाणेदार रंग भरपूर, त्यात हरवायला होतं. विन्सर अँड न्यूटनचं घेताना रेंजचं नाव बघा, कॉटमन त्यांची स्टुडंट रेंज आहे.

माझे सहा: हान्सा यलो, पायरॉल रेड, पीव्ही१९, पीबी२९, थॅलो ब्लू पीबी१५, बर्न्ट सिएना. थॅलो जपून हं, टिपूसभर टाका, नाहीतर सगळं तोच गिळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाने करडा एवढा सुंदर होतो की काळा लागतच नाही.

स्टुडंट सेट कधी? लहान मुलांसाठी, रोजच्या वॉश प्रॅक्टिससाठी, किंवा महाग ट्यूब हातात आली की कंजुषी करून पाणचट चित्रं काढणार असाल तर. आणि कागद पातळ असेल तर ट्यूबवर खर्च करूच नका, आधी ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटन कागद घ्या, नाहीतर दोन्ही रंग सारखेच वाईट दिसतील. सेट आधीच घरात असेल तर टाकू नका, एकेक रंग संपेल तसा बदलत जा, फक्त गुलाबी-लाल पहिला बदला.